शेहेचाळीस नंबरसमोरची नळी

मी एक रबरी नळी बोलतेय. काळी, अंगठ्याएवढी जाड, रस्त्यावर आडवी टाकलेली. तुम्ही कितीदा तरी माझ्यावरून गेला असाल. गाडीत धड-धड झालं असेल आणि तुम्ही म्हणाला असाल, खड्डा होता वाटतं. खड्डा नव्हता हो, मी होते.

माझं काम एकदम सोपं. चाक अंगावरून गेलं की पोटातली हवा दबते, झटका कडेच्या पेटीत जातो आणि पेटी लिहिते, एक. दोनदा दबले की एक गाडी. बास. कोण गेलं, कशाला गेलं, पेटीला काही घेणंदेणं नाही. मला मात्र सगळं कळतं. कुणाचं टायर झिजलंय, कुणाला घाई आहे, आत्ता गेलेली गाडी मघाचीच आहे का, सगळं. कळतं, पण सांगता येत नाही. माझी खरी रड तीच आहे.

जन्माने मी गेंटची, पक्की शहरातली. ट्रामच्या रुळाशेजारी पडून राहायचे, दिवसभर नुसती धमाल. मग एक दिवस योरिसने मला गुंडाळलं आणि ओल्मेनबेक गावी आणलं. योरिस म्हणजे मला रस्त्यात ठोकणारा माणूस. पन्नाशीचा, गुडघ्यांनी बेजार.

गाव कसलं, एक गल्लीच. मोलेनस्त्राट. दोन्ही बाजूंना विटांची घरं, दार उघडलं की पाय फुटपाथवर. गल्ली संपली की बीटची शेतं, शेतांतून ट्रॅक्टरपुरती काँक्रीटची पट्टी आणि पलीकडे कारखान्यांची वसाहत. हायवे तुंबला की लोकांचे फोन सांगायचे, इकडून घुसा. मग काय, सकाळ-संध्याकाळ रांगच रांग.

योरिसने मला शेहेचाळीस नंबरसमोर ठोकलं. दार उघडलं.

"काय ठोकताय माझ्या दारात?"

"मोजणी आहे, मादाम. दोन आठवडे गाड्या मोजणार. मग वरचे लोक काहीतरी उपाय करतील."

"शेजारच्या गावात केला तसा? तिथे मोजणी झाली आणि रस्त्याच्या मधोमध बुटका खांबच ठोकला. उंच ट्रॅक्टर तेवढे त्याच्यावरून जातात आता, गाड्या नाहीत."

योरिसने खांदे उडवले. त्याला खरंच माहीत नव्हतं. बाईंनी मात्र खांदे उडवण्याचा हवा तो अर्थ घेतला.

या गोडलीव्ह. वय बहात्तर. इकडे म्हणतात, माणूस पोटात वीट घेऊनच जन्माला येतो. त्यांचा नवरा अचिएल तसाच होता. सहा वर्षं दर शनिवारी स्वतःच्या हाताने त्याने हे घर बांधलं आणि त्याच घरात वारला. दारात खुर्ची टाकून बसायचं, एवढंच बाईंचं सुख. ते या घुसखोर गाड्यांनी घालवलं होतं. एका गाडीच्या आरशाने तर खुर्चीची पाठच उडवली. नशीब, बाई तेव्हा कॉफी आणायला आत गेल्या होत्या.

योरिस गेला तशी त्यांनी समोर हाक मारली.

"फिर्मिन, तुझी पावाची गाडी चालते का रे अजून?"

"माझ्यापेक्षा बरी चालते. का?"

फिर्मिन म्हणजे समोरचा निवृत्त बेकरीवाला.

"या नळीवरून फेऱ्या मार. जितक्या जास्त गाड्या दिसतील तितका लवकर खांब बसेल."

"किती मारू?"

"मी बस म्हणेपर्यंत."

आणि मग जे सुरू झालं ना! इकडे जत्रेत सायकलची शर्यत असते. गल्लीला गोल गोल फेऱ्या, लोक दारात खुर्च्या टाकून बसतात, कुणीतरी पाटीवर खडूने फेऱ्या लिहितं. हुबेहूब तसं. फिर्मिन पुढे, मागे अख्खी गल्ली. गोडलीव्हबाई पाटी घेऊन दारात. शेवटच्या फेरीला घंटासुद्धा वाजवायच्या.

"फिर्मिन, तुला बीटच्या ट्रॅक्टरने मागे टाकलं की रे!"

"गाडीत पाव नाहीत ना, वजन कमी पडतंय!"

पावाच्या गाडीचं मागचं डावं चाक लंगडायचं. दोन आठवडे मी ते लंगडं चाक अंगावर घेतलं. पेटी लिहीत राहिली, एक, एक, एक. आणि बाई रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पाटी पुसायच्या. शर्यतीची तशी रीतच आहे.

महिन्याभराने चर्चमागच्या हॉलमध्ये सभा झाली. लोकांना दाखवायला योरिसने मलाही नेलं, टेबलावर वेटोळं करून ठेवलं. कॉफी होती, भाताची गोड टार्ट होती. आराखडा घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या, "आकडे बघून आम्हीही चक्रावलो. एवढी वाहतूक हा रस्ता पेलूच शकत नाही. म्हणून तो रुंद करायचा आणि शेतांतून थेट वसाहतीपर्यंत न्यायचा. हायवेवरचा ताण हलका होईल."

"आणि खांब?" गोडलीव्हबाईंनी विचारलं.

"एवढ्या वर्दळीचा रस्ता बंद करून कसं चालेल, मादाम? या गाड्या जातील कुठे?"

नकाशावरची लाल रेघ डाव्या बाजूच्या घरांवरून गेली होती. चाळीस ते बावन्न नंबर, म्हणजे शेहेचाळीसही. फिर्मिनचं घर उजवीकडे.

फिर्मिन टोपी काढून उभा राहिला. "बाई, त्या गाड्या म्हणजे आम्हीच. मी एकटाच दिवसाला साठ-सत्तर वेळा गेलोय."

"आराखडा दाखवला की प्रत्येक गावात कुणीतरी हेच म्हणतं, महाशय. काही नोंद आहे?"

फिर्मिनने गोडलीव्हबाईंकडे बघितलं. बाई रोज पाटी पुसणाऱ्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. आणि मी तिथेच, हातभर अंतरावर. ते लंगडं चाक कितीदा गेलं ते फक्त मला माहीत होतं. पण हवा फुंकल्याशिवाय मला आवाज नाही.

"गोडलीव्ह, मी..."

"तू गप बैस. मी सांगितलं म्हणून मारल्यास. टार्ट खा."

दोन वर्षांनी योरिसने मला परत आणलं, तेव्हा गल्ली ओळखूच येईना. डावी बाजू साफ. फिर्मिन बाहेर आला आणि स्वतःच बोट दाखवून म्हणाला, "इथे ठोक. इथे तिचं स्वयंपाकघर होतं." पावाची गाडी त्याने भंगारात दिलीय. रस्त्याकडच्या खोलीचे पडदे तो उघडत नाही.

आता मी त्या स्वयंपाकघरात पडून असते, रुंद डांबरावर. रस्ता मोठा झाला म्हणून गाड्या वाढल्या, आणि हायवे तुंबतो तो तुंबतोच. आज सकाळी एक ट्रक माझ्यावर चाक ठेवून अकरा मिनिटं उभा होता. योरिस म्हणत होता, आणखी एक पट्टी लागेल म्हणतायत. उजवीकडून.

गोडलीव्हबाई शहरात, चौथ्या मजल्यावर राहतात. दर गुरुवारी सायकलवरून फिर्मिनकडे येतात. तुमच्या रस्त्यात मी दिसले, तर एवढंच करा, रोज जाता तसे जा. मला मदत करायला जाऊ नका.

बाई माझ्यापाशी आल्या की उतरतात. सायकल दोन्ही हातांनी उचलतात, माझ्यावरून पलीकडे ठेवतात आणि मग स्वतः ओलांडतात. दम लागतो त्यांना. सायकलचा झटका पेटीपर्यंत पोचतच नाही, तिची मोजणीच होत नाही. हे त्यांना कोण सांगणार?