बासनात बांधलेले बत्तिसावे पान

उपकरणाला हात जोडणे हा सदाचार आहे. परंतु हात जोडल्यावर त्याची विद्या न शिकणे हा अपराध होय. आणि त्या अज्ञानाचा दोष उपकरणाच्याच माथी मारणे हा त्याहून मोठा अपराध होय. मित्रांनो, मी घनसावंगीच्या एका फोटो स्टुडिओतला जुना डिजिटल कॅमेरा आहे. हे दोन्ही अपराध माझ्याबाबतीत घडले. आज माझे शटर निकामी झाले आहे, तरी माझा राग शमलेला नाही. तो मी तुम्हाला क्रमाने सांगतो.

सन दोन हजार सहामध्ये स्टुडिओचे मालक कारभारी यांनी मला नवीन जालन्यातल्या एका दुकानातून आणले. माझ्या कुळात मी सर्वांत साधा, नवशिक्यांसाठी घडवलेला. तरीही एका विद्येचा मला अभिमान होता. ती आधी समजून घ्या. माझे बटण अर्धे दाबले की मी समोरच्या माणसावर नजर लावतो. याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत मी एकदाच नजर लावतो आणि तिथेच थांबतो; माणूस चार पावले पुढे आला तरी माझी नजर मागच्या जागी खिळलेली राहते. दुसरी रीत अखंड नजरेची. बटण अर्धे दाबलेले आहे तोवर मी धावणाऱ्याला सोडत नाही. तो जवळ आला की जवळचे पाहतो, दूर गेला की दूरचे. या दुसऱ्या रीतीचे वर्णन माझ्या माहितीपुस्तिकेच्या बत्तिसाव्या पानावर होते.

ती पुस्तिका कारभारींनी लाल बासनात बांधून देवघरात ठेवली. दर दसऱ्याला ते बासन खाली उतरे, माझ्याशेजारी पाटावर बसे, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल घेई आणि गाठ न सुटता पुन्हा वर जाई. कारभारींचे वडील पोथी अशीच सांभाळत. मात्र वडील ती पोथी रोज सोडून वाचत, एवढाच भाग मुलगा विसरला.

माझी पहिली वर्षे लग्नमंडपात गेली. तिथे सारे जग कारभारींसाठी थांबे. ते डावा हात उंच करून म्हणत, "थांबा! नवरदेव, हार परत काढा. हां, आता घाला. बिलकुल हलू नका!" नवरदेव निमूट हार काढी, नवरी हसू दाबी, गुरुजी अक्षता मुठीत धरून उभे राहत. अशी थांबलेली माणसे मी उत्तम टिपली. लोक म्हणत, "कारभारीच्या फोटोत पापणीचे केस मोजून घ्या." ही स्तुती मला गोड वाटे. परंतु धावणारा एकही जीव मला कोणी दाखवला नाही.

मग एका हिवाळ्यात चांगुणाबाई स्टुडिओत आल्या. त्या लोकांच्या शेतात कापूस वेचत. त्यांची मुलगी बेबीनंदा दहावीत होती आणि खो-खो खेळे. परजिल्ह्यातल्या मुलींच्या एका क्रीडा वसतिगृहाने अर्जासोबत प्रत्यक्ष खेळतानाचा स्पष्ट फोटो मागितला होता. प्रवेश मिळाला तर पुढचे शिक्षण आणि खेळ दोन्ही चालणार होते. न मिळाला तर जूनपासून आईबरोबर शेतात.

सामन्याच्या दिवशी कारभारींनी बसलेल्या बेबीनंदावर नजर लावली आणि श्वास रोखून वाट पाहिली. खो मिळताच ती बाणासारखी सुटली. माझी नजर तिच्या रिकाम्या जागेवरच राहिली. मी तळमळलो, पण बांधलेली नजर स्वतः सोडण्याचा अधिकार यंत्राला नसतो. कारभारींचा डावा हात सवयीने वर गेला. "पोरी, थांब जराशी!"

मैदानावर हशा पिकला. कोणीतरी ओरडले, "कारभारी, खो-खो हाय, मंगलाष्टकं न्हाईत!"

चाळीस फोटो निघाले. बसलेल्या मुली लख्ख होत्या. बेबीनंदा मात्र प्रत्येक फोटोत धुराचा लोट. कारभारींनी सर्वांसमक्ष माझ्या पाठीवर चापट मारली. "क्यामेऱ्यातच खोट हाय. स्वस्तातला घेतला न् फसलो."

मित्रांनो, ती चापट मी विसरेन. त्यानंतर जे झाले ते विसरणार नाही. संध्याकाळी रिकाम्या मैदानावर त्यांनी बेबीनंदाला खांब धरायला लावला. "सूर मारल्यासारखी आडवी हो. आता हलू नको." तिचे दंड थरथरत होते, ओठ आवळलेले होते. ते चित्र अर्जाला चिकटवले गेले. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. वर शेरा होता : 'छायाचित्र बनावट दिसते. महिनाअखेरपर्यंत खरे छायाचित्र न आल्यास अर्ज रद्द.'

जी मुलगी आयुष्यात खोटी धावली नाही, तिच्या नावापुढे बनावट हा शब्द लागला. तोही कशासाठी? न उघडलेल्या एका पानासाठी! हा माझा खरा राग आहे.

बेबीनंदा तो कागद घेऊन आईबरोबर स्टुडिओत आली. ती रडली नाही. तिने मला उचलून उलटसुलट पाहिले आणि विचारले, "काका, ह्याचं पुस्तक असंल ना?"

"हाय. पण ते पूजेतलं हाय. आम्ही सोडत न्हाई ते."

चांगुणाबाई दारातूनच म्हणाल्या, "आमच्या घरातबी पुस्तकाला मान हाय, दादा. पण उघडून."

आतून कारभारींच्या पत्नी उषाबाई बासन घेऊन बाहेर आल्या. "अहो, दर दसऱ्याला हळद मीच वाहते. आज गाठ बी मीच सोडते. देव काय बोलायचं ते मला बोलंल."

पाने तेलकट कुंकवाने चिकटली होती. बेबीनंदाने ती नखाने सोडवली आणि शाळेचा शब्दकोश मांडीवर घेऊन एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवत वाचत गेली. बत्तिसाव्या पानावर तिचे बोट थांबले. तिने मला दुसऱ्या रीतीवर लावले. मला प्रथमच मोकळे वाटले.

पण तिचा फोटो तिला स्वतः काढता येणार नव्हता. म्हणून गुरू ती आणि शिष्य कारभारी. रस्त्याच्या कडेला उभे राहून धावत्या जीपगाड्यांवर सराव सुरू झाला.

"मधला ठिपका गाडीवर धरा, काका. बटन अर्धं दाबून ठेवा, सोडू नका. गाडी फिरंल तसे फिरा."

पहिली जीप येताच डावा हात पुन्हा वर गेला. जीप कचकन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "बसा जल्दी. तीर्थपुरी का?"

"कुठंच न्हाई."

"मंग हात कशाला करून राह्यले?"

बेबीनंदा पोट धरून हसली. अकराव्या जीपनंतर तो हात वर जायचा थांबला आणि माझ्या भिंगाखाली आधाराला आला.

दुसरा सामना महिना संपायला चार दिवस असताना झाला. ऊन स्वच्छ होते. बेबीनंदा उठण्याआधीच कारभारींनी बटण अर्धे दाबले. ती उठली, मी उठलो. ती वळली; मी वळलो. खांबाजवळ तिने सूर मारला आणि कारभारींनी बटण पूर्ण दाबले. मी साधा आहे, एका दमात मोजकेच फोटो काढतो. त्यांतले तीन हुकले, दोन साधले. एकात तिचे शरीर जमिनीला समांतर होते, एक हात खांबाला, दुसऱ्या हाताची बोटे पुढच्या मुलीच्या वेणीला टेकलेली, आणि डोळे उघडे, निर्भय, लख्ख. तिचा संघ एका गुणाने हरला.

कारभारींनी फोटोमागे चिठ्ठी जोडली. तीत स्वतःच्या हाताने लिहिले : 'पूर्वीचे चित्र मी खांब धरायला लावून काढले होते. मुलीचा दोष नाही.' मग चांगुणाबाईंकडे न पाहता ते म्हणाले, "खोट क्यामेऱ्यात नव्हती, बाई."

"ते ठावंच होतं," त्या म्हणाल्या. "लिहून दिलं ते बराबर केलं."

जूनमध्ये बेबीनंदा पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात गेली.

पुढे माझे शटर थकले आणि नवा कॅमेरा आला. कारभारींनी प्रेमाने मलाच त्या लाल बासनात बांधले. मी आतून रागावतोच. परंतु नव्याची पुस्तिका टेबलावर उघडी असते आणि तिच्यावर चहाचे डाग पडले आहेत, असे उषाबाई सांगतात. मला ते डाग कुंकवाइतकेच पवित्र वाटतात. मित्रांनो, तुमच्या घरात एखादे बासन असेल तर आज त्याची गाठ सोडा आणि पहिले पान वाचा.

बेबीनंदाच्या पावलांत बळ राहो. चांगुणाबाईंच्या हातांना विसावा मिळो. आणि कारभारींचा डावा हात असाच भिंगाखाली स्थिर राहो.