सहाला येते, असं माझ्यावर लिहिलेलं असतं

"बाबा, आई काकांकडे जाते तेव्हा तुला भीती नाही वाटत? ती परत आलीच नाही तर?"

मैत्रिणी म्हणाल्या होत्या, हिंमत असेल तर विचारून दाखव. आमच्या भिंगरीने जेवतानाच धाडकन विचारलं! पण मित्रांनो, प्रश्न मैत्रिणींचा असला तरी भीती तिची होती. मला ठाऊक आहे, कारण महिनाभर तिने माझ्यामागे एक कागद लपवलाय. दूरच्या, तिथेच राहून शिकायच्या पोहण्याच्या शाळेचा अर्ज. उद्या शेवटची तारीख. आपण गेलो आणि मागे घर विस्कटलं तर, हीच तिची भीती.

मी एक जुनी दगडी पाटी आहे. लहानपणी बाबांनी माझ्यावर बेरजा गिरवल्या. कोपरा तुटला आणि मी माळ्यावर गेले. तिथून मला आईने काढलं, धुतलं आणि दाराशी टांगलं.

आईचं बाबांवर प्रेम आहे आणि काकांवरही. काका सख्खे नव्हेत, घड्याळं दुरुस्त करतात. लपवाछपवी काही नाही. तिघांनी बसून, बोलून, थोडं रडून सगळं ठरवलंय. दर गुरुवारी आई त्यांच्याकडे जाताना माझ्यावर लिहिते, "सहाला येते." आली की स्वतःच पुसते. दुसऱ्या कुणी पुसायचं नाही, हा घरचा नियम.

एकदा सहाचे साडेआठ झाले. बाबांनी भाजी तीनदा गरम केली. आई आल्यावर म्हणाले, "तू गेलीस त्याचं नाही गं. सहा लिहिलंस आणि पाळलं नाहीस, त्याचं वाईट वाटलं."

"चुकलंच माझं," आई म्हणाली. सबब नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी काका कान पकडून दारात! "घड्याळवाल्याच्या घरी वेळ चुकली, नाक कापलं माझं!" त्या दिवशी त्यांनी मला ही लाकडी चौकट बसवली. किती मोठ्या मनाची माणसं ही! मी तर आनंदाने चौकटीत मावेनाशी झाले.

तर भिंगरीचा प्रश्न. बाबांनी घास खाली ठेवला.

"वाटायची ना! दर गुरुवारी घड्याळाकडे बघत बसायचो. पण मी ती भीती गिळली नाही, सांगत गेलो. ही ऐकत गेली. काकासुद्धा."

"आणि आता?"

"आता गुरुवारी रिमोट माझा असतो!"

"म्हणजे मी आले की दुःखच," आई म्हणाली, आणि तिघंही खो खो हसली.

मित्रांनो, मला चौकट नसती तरी चाललं असतं. पण माझ्यावर लिहिलेलं कुणी पाळलं नसतं, तर मी नुसता दगडच राहिले असते. जाताना परतीची वेळ सांगत जा, आणि सांगितलेली पाळा.

भिंगरी उठली. माझ्यामागचा कागद ओढून तिने टेबलावर ठेवला आणि खडू घेऊन मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, "सुट्टीला येते."

"आई, बाबा, मी पोहायच्या शाळेत जाणार. वर्षभर! आणि हे कुणी पुसायचं नाही हं. मीच येऊन पुसणार."