हलक्या दाबाची बंदूक

खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून म्हाताऱ्याने घर डोक्यावर घेतलं होतं. चहा गार, खुर्ची टोचते, पंखा खडखडतो. सुनेला मात्र खरं दुखणं ठाऊक होतं. ते कपाटावर पडून होतं: सासऱ्यांची छऱ्याची बंदूक. दर गोळीआधी तिची लेव्हर आठ वेळा दाबून हवा भरायची. म्हाताऱ्याचा खांदा तिसऱ्या दाबालाच बोंब मारायचा. आणि नेमबाजीच्या क्लबाचा नियम असा, की ज्याची गोळी, दाबही त्याचाच. मदत घेतली की नाव बाद.

क्लबातल्या टोळक्याने वर मीठ चोळलं. "काका, तुम्ही आता गुण मोजायला बसा." यांच्या स्वतःच्या गोळ्या भिंतीत घुसतात, पण लेव्हर जोरात दाबता येते म्हणून हे मर्द! असल्यांची मर्दानगी दंडात सुरू होते आणि तिथेच संपते.

सून मशीन शॉपमध्ये फिटर होती. तिने बंदूक खाली काढली.

"हात लावायचा नाही!" म्हातारा गरजला.

"बरं, बाबा," ती म्हणाली आणि सरळ कामावर घेऊन गेली.

जेवणाच्या सुटीत बंदूक खोलली. हवा दाबणारा दट्ट्या आणि हवा कोंडणारी झडप यांच्यामध्ये पोकळी होती. दर दाबाची थोडी हवा तिथेच अडकून राहायची. म्हणजे म्हाताऱ्याचा घाम फुकट! बनवणाऱ्याने खांद्यांचा विचार कशाला करावा, खांदा त्याचा थोडाच होता? तिने दोन्हींची तोंडं एकमेकांना टेकतील अशी सपाट केली, दट्ट्याची रबरी कडी बदलली, लेव्हरला वीतभर लांब मूठ जोडली. जोडून बघते तर लेव्हर मिटेचना. ही बिघडली तर म्हाताऱ्याची नेमबाजी कायमची संपली. पुन्हा खोललं, दट्ट्या केसभर मागे घेतला. मिटली.

रविवारी क्लबात म्हाताऱ्याने ती मूठ पाहिली. "ही काय हातपंपाची दांडी लावलीस?"

"अहो, आधी दाबून तर बघा," सासूबाई म्हणाल्या. "तोंड काय, कधीही चालतं तुमचं."

त्याने दाबली. सून "चारच पुरे" म्हणाली तसा थांबला, खांदा चाचपला. खांदा गप्प. त्याने नेम धरून गोळी सोडली. ती निशाणाच्या वर लागली.

"बिघडवली सूनबाईंनी," टोळक्यातला एक हसला.

सुनेने मान खाली घातली.

"तू गप रे!" म्हातारा खेकसला. "वर गेली म्हणजे जोर जास्त झालाय. मला एवढा लागतच नाही."

त्याने तीनच दाब दिले. गोळी मधोमध. पुढचीही.

हसणारा आपली बंदूक पुसू लागला. दुपार कलली, क्लब रिकामा झाला. सासूबाईंनी चपला घातल्या.

"अहो, चला आता."

"ही एकच," म्हातारा म्हणाला आणि छऱ्यांची नवी डबी फोडली.