लिव्हरवरचा हात

नवी बोट निवडायला बाबांनी सहा महिने घेतले. लेक बोटीमागे दोरीला धरून, एका स्कीवर, म्हणजे पाण्यावर घसरायच्या फळीवर, पाण्यात तरंगत्या सहा बोयांना वळसे घालायची. त्यासाठी इंजिन मधोमध हवं, म्हणजे मागची लाट सपाट राहते; नाहीतर तिरकं कापत येणाऱ्याला ती उंबऱ्यासारखी ठेच लावते. वेग यंत्रानं धरून ठेवायला हवा. जन्म इंजिनं खोलण्यात गेलेला माणूस, त्याला कोण शिकवणार! जुनी बोट मात्र त्यांनी भेटेल त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारली. तिचं तोंड बघवत नव्हतं त्यांना.

घरात सगळे त्या जुन्या बोटीलाच शिव्या देत. गेल्या वर्षी सरावात, सहाव्या बोयाशी वेग उतरला, दोरी ढिली पडली, मग हिसका बसला आणि लेकीचा खांदा निखळला. "खटाराच ती," मामा म्हणाला. बाबांनी मान डोलावली. नाचता येईना अंगण वाकडं! बोट चालवताना आरशात लेक पाण्याला टेकलेली दिसली होती आणि वेगाचा लिव्हर त्यांच्याच हातानं मागे आला होता.

आज लेक वर्षानं पाण्यात उतरणार होती. मामा बसला की डावी बाजू दबते, म्हणून बाबा उजवीकडे वाळूची पिशवी ठेवत होते. लेकीनं यंत्रात वेगाचा आकडा भरला.

"ही बोट दगा नाही देणार," मामा म्हणाला.

बाबांना राहवलं नाही. "तिनंही दिला नव्हता. मीच वेग कमी केला. घाबरलो."

लेक जाकिटाचा पट्टा आवळत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "इंजिन बंद पडलं असतं तर वेग एकदम तुटला असता. तो हळूच गेला. दोरीच्या टोकाला मीच होते ना."

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

बाबा बोट वळवायच्या चाकाकडे वळले, तशी तिनं मान हलवली. "मामा चालवेल. तुम्ही माझ्याकडे तोंड करून बसा."

मामा उजवीकडे चाकाशी गेला, वाळूची पिशवी डावीकडे आली. पिशवीशेजारी, मागे तोंड करून बाबा बसले. तिथे ना चाक, ना लिव्हर.

पहिल्याच बोयाशी लेक इतकी कलली की कोपर पाण्याला लागलं. बाबांचा हात उठला. धरायला काहीच नव्हतं. त्यांनी तो मांडीखाली दाबून ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले.