काजाचा रुमाल

पक्षाघात झाल्यापासून गेरॉल्फचा उजवा हात नुसता लोंबत असे. तोंडातून शब्द निघत ते तीनच: 'हो', 'नको' आणि 'लुट'. लुट म्हणजे त्याची बायको, लुटगार्ट. डाव्या हातानं खाताना सूप गळ्यापासून मांडीपर्यंत ओघळे. गळ्यात खोचलेला रुमाल दोन घासांत सुटे आणि लाळेरं दाखवलं की तो मान फिरवी. जन्मभर लिननच्या गिरणीत माग चालवलेला माणूस, तो लाळेरं कसं बांधून घेणार?

लुटगार्टनं ठरवलं, दिसायला रुमालच हवा, पण जागचा हलता कामा नये. वर्तमानपत्रावर तिनं बेत काढला. एका कोपऱ्याला काज, म्हणजे तो शर्टाच्या बटणातच अडकेल. हनुवटीखाली अर्धगोल. खालचा काठ वर दुमडून सांडलेलं झेलायला खिसा, आणि काठात पडद्याला घालतात तशी वजनाची साखळी.

कापड घरात होतंच. अनाथ मुलं सांभाळणारा गावातला नन्सचा मठ बंद पडून सामान विक्रीला निघालं, तेव्हा नणंदेनं, झुल्मानं, तिथल्या जेवणघरातलं लांबलचक टेबलक्लॉथ उचलून आणलं होतं. त्याच्या टोकाचा तुकडा लुटगार्टनं कापला. वीण घट्ट होती, तरी सुई लोण्यात शिरावी तशी शिरत होती. इस्त्री फिरवूनही कापड मात्र गारच राहिलं.

दुपारी तिनं तयार रुमाल गेरॉल्फच्या बटणात अडकवला आणि पुढ्यात सूप ठेवलं. गेरॉल्फनं चमचा उचलला. उजव्या हातानं.

"अगं बाई!" झुल्मा किंचाळली. "लुटगार्ट, बघ तरी!"

ताठ बसून, एक थेंबही न सांडता त्यानं सूप संपवलं. ओठ टिपले. मग कोवळ्या, बारीक आवाजात विचारलं, "माताजी, मी उठू का?"

झुल्मा आनंदानं रडायलाच लागली. लुटगार्टला रडू येईना. नवऱ्याचे डोळे तिच्यावरून परक्या घरातल्या भिंतीवरून फिरावेत तसे फिरले होते. तिनं रुमाल काढला, तसा हात धपकन मांडीवर पडला. "लुट," तो म्हणाला आणि अधाशासारखा ब्रेडच्या टोपलीकडे झेपावला. नुकता भरपेट जेवलेला माणूस!

पुढे रोज तेच. रुमाल लावला की हात चाले, ताट चाटूनपुसून साफ होई. काढला की गेरॉल्फ उपाशी. आठवडाभरात त्याची पाटलोण कमरेवर ठरेना.

"झुल्माताई, हे बंद करू या," लुटगार्ट म्हणाली.

"वेडी आहेस का? माझ्या भावाचा हात चालतोय! तुला काय, कपडे धुवायची हौस आली?"

त्या दिवशी मटणाच्या रश्शाबरोबर कुस्करलेले बटाटे होते. रुमाल लावलेला गेरॉल्फ खाता खाता थांबला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागला. दारात कुणीच नव्हतं.

"माताजी," तो त्याच बारीक आवाजात म्हणाला, "तो माणूस रोज तिथेच उभा असतो. उजवा हात लोंबतोय त्याचा. त्यालाही द्या ना थोडं. फार भुकेला दिसतो."

झुल्माच्या हातातली पळी खाली पडली. लुटगार्ट बटण काढत बसली नाही. रुमाल असा हिसकला की काज फाटून बटणच उडालं. गेरॉल्फ खुर्चीत कोसळला, थरथरू लागला. त्याचे हात बर्फासारखे झाले होते. तिनं ते आपल्या काखेत धरले. त्यानं खूप धडपड करून एक नवा शब्द काढला. "बाहेर," तो म्हणाला. "बाहेर... लुट."

"आता आत आहेस. माझ्यापाशी आहेस."

 झुल्मानंच टेबलक्लॉथची घडी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मठात गेल्या. राखणदारानं जेवणघर उघडून दिलं. लांब टेबलावर त्यांनी कापड अंथरलं आणि कापलेल्या टोकाशी फाटका रुमाल ठेवला. हात लावला तर कापड प्रथमच कोमट लागलं, कुणी नुकतंच वर कोपर टेकून बसल्यासारखं.

"चल," झुल्मा कुजबुजली. "लवकर चल."

लुटगार्टनं मग त्याच बेतावर दुसरा रुमाल शिवला, गेरॉल्फच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचा. उजवा हात पुन्हा कधी हलला नाही. सूप सांडतं, बरंचसं खिसा झेलतो, उरलेलं ती पुसते. गेरॉल्फच्या अंगावर मात्र हळूहळू मांस चढतंय.