बाबांची झुलपं

चारचौघांत बोलायचं म्हटलं की गुरुप्रसादला घाम फुटायचा, आणि गाडीत जुन्या इंग्रजी गाण्यांचा विषय निघाला की त्याला आवरता यायचं नाही. ऐकायला असायचा सलील. दोघंही बहारीनमधल्या हमद टाउनचे, एकाच गाडीनं ऑफिसला जाणारे. चौसष्ट साली बीटल्सनी अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतल्या पहिल्या पाचही जागा एकदम कशा बळकावल्या, त्यांच्यामागून इंग्लंडची बाकीची पोरं कशी घुसली, त्यातली कितीतरी गाणी मुळात अमेरिकेतल्याच काळ्या गायकांची कशी, हे सलीलनं प्रत्येक सिग्नलला ऐकलं होतं. मन लावून ऐकायचा बिचारा! कशासाठी, ते पुढं कळलं.

तिथल्या मराठी मंडळानं याच गाण्यांवर कार्यक्रम ठरवला. "बोलेल सलील, गाणी लावशील तू," अध्यक्ष मृणालीताईंनी सांगून टाकलं. गुरुप्रसादनं मान डोलावली. सलीलकडे मात्र त्यानं शेवटची पाच मिनिटं मागून घेतली.

"बाबांबद्दल सांगायचंय. सुनीतासमोर."

"अरे, तुझीच आहेत ती!"

बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तरी हा माणूस त्यांच्याबद्दल अवाक्षर काढत नाही, ही त्याच्या बायकोची, सुनीताची, जुनी तक्रार होती. तो एकदाच बोलला होता. दिवस-कार्य उरकून बहारीनला परतला तेव्हा सलील विमानतळावर घ्यायला आला होता, त्याच्याजवळ, गाडीत. समोर रस्ता असला की कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

अमवाज बेटावरच्या हॉलमध्ये सलीलनं रंग भरला. टाळ्या पडत होत्या, आणि लॅपटॉपमागे बसलेला गुरुप्रसाद स्वतःचीच वाक्यं ऐकून खुशीत हसत होता. शेवटचं गाणं संपलं. तळवे पँटला पुसून तो उठला.

"आता जरा घरचं सांगतो," सलील म्हणाला. "माझे बाबा."

चुकून म्हणाला असेल, असं गुरुप्रसादला वाटलं.

"बाबा तेव्हा सांगलीत कॉलेजला. बीटल्ससारखी झुलपं वाढवली कपाळावर. आजोबांनी धरून न्हाव्यापुढं बसवलं आणि चकोट केला. संध्याकाळी शेजारी समाचाराला आले. कोण गेलं हो?"

हॉल खो खो हसला.

"बाबा पुढं टकलेच झाले. शेवटी हॉस्पिटलमध्ये मी फोनवर बीटल्सचंच गाणं लावलं. डोळे मिटलेले होते. हात तेवढा वर आला, आणि नसलेली झुलपं त्यांनी अशी मागं सारली."

सलीलनं हात कपाळावरून फिरवून दाखवला. अगदी तस्साच. सुनीता ओढणीनं डोळे पुसत होती.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वर त्या गृहस्थानं माईक पुढं केला. "आता आमचा गुरू दोन शब्द बोलेल."

गुरुप्रसादनं माईक धरला. आत नुसता संताप होता, आणि संतापाला शब्द सुचत नव्हते.

"चहा बाहेर ठेवलाय," तो म्हणाला.

चहाच्या टेबलापाशी त्यानं सलीलला कोपऱ्यात घेतलं. "तुझे बाबा तू तिसरीत असताना गेले, सलील."

"हळू बोल ना! अरे, 'मित्राचे बाबा' म्हटलं की मजा जाते. लोक रडले की नाही? तुझ्याच बाबांसाठी रडले ना? खलास, सोड आता." आणि तो अभिनंदन करायला आलेल्यांकडे वळला.

परतीच्या वाटेवर सुनीतानं सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "सलीलनं आज रडवलं मला. माणसं आपल्या बापाबद्दल किती मायेनं बोलतात! नाहीतर तू."

"सुनीता, ते माझे बाबा होते."

"म्हणजे?"

"ती झुलपं, तो हात. सगळं माझ्या बाबांचं. हॉस्पिटलमध्ये मी होतो. मीच त्याला सांगितलेलं."

"मग माईक हातात होता तेव्हा चहाचं काय सांगत बसलास?"

त्यानं नजर समोरच्या रस्त्याकडे वळवली. सुनीता त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला, आणि लग्नानंतर क्वचितच कधी बोलली असेल इतक्या हळुवारपणे म्हणाली, "आठवण येते तुला, कळतं मला. पण त्यासाठी दुसऱ्याचे बाबा कशाला घ्यायचे रे?"