बकवास, पण चौथा भाग आहे का?

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. माझं नाव 'पाताळदंत, भाग तिसरा'. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला राक्षसी शार्क मासा समुद्राच्या तळातून वर येतो आणि जहाजं खातो, एवढंच माझ्यात आहे. पहिल्या दोन भागांतही तेच आहे. जहाजं तेवढी बदलतात.

माझा जन्म स्वस्त कागदावर झाला. मुखपृष्ठावरच्या शार्कला मिशा आहेत. चित्रकाराने मासा बहुधा आठवडी बाजारातच पाहिला असावा. त्या मिशांसह मी धाड नावाच्या गावातल्या वाचनालयात आलो. इथल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. तरी पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ एसटीत माझ्यात असे बुडाले, की उतरायचं गाव मागे गेलं आणि त्यांना उलट्या दिशेची जीप धरावी लागली.

माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर लोक मतं लिहू लागले. पहिलं मत पुंजाजींचं. हे एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. त्यांनी लिहिलं, 'बकवास. एवढा मोठा मासा इतकी वर्षं लपतेच कसा? चौथा भाग आहे का?' त्याखाली आरोग्य केंद्रातल्या अनुपमा सिस्टरने लिहिलं, 'काका, पहिल्या भागावरही तुम्ही हेच लिहिलं होतं. यातला डॉक्टर जखम न धुता टाके घालतो, ते मात्र कोणाला दिसत नाही.' आणखी कोणीतरी सुचवलं, 'लोणारच्या तळ्यात असा एक सोडावा. पर्यटन वाढेल.' त्या पानाइतकं प्रेम माझ्या लेखकावर त्याच्या घरच्यांनी तरी केलं असेल का, शंका आहे.

मग वाचनालयाला नवे अध्यक्ष मिळाले. नारायणराव, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना लाल रेक्झिनची एक ग्रंथावली ठेवायला जागा हवी होती. ती ग्रंथावली कोणी उघडत नाही, म्हणून कोरी राहते, आणि कोरी आहे म्हणून तिला मान. जागेसाठी आम्हा तिन्ही भावांना रद्दीच्या ढिगावर काढलं. पुरावा म्हणून नारायणरावांनी माझं शेवटचं पान मोठ्याने वाचलं. पुंजाजी तिथेच पेपर वाचत बसले होते.

"पुंजाजी, हे अक्षर तुमचंच ना?"

"हो. माहंच हाय."

"मग झालं. तुमचं माझं मत एकच आहे."

पुंजाजींनी पेपरची घडी घातली. "एक कसं होईन, सर? मी वाचून बकवास म्हणलं. तुम्ही न वाचताच म्हणून राह्यले."

"असली पुस्तकं वाचायला मला वेळ नाही."

"मंग फेकाले कसा भेटला?"

ग्रंथपाल संघपाल इतका वेळ टेबलावरची धूळ पुसत होता. पुसता पुसताच तो म्हणाला, "सभासदाच्या घरी गेलेलं पुस्तक रद्दीत काढता येत नाही, सर. नियम आहे."

पुंजाजींनी कार्ड पुढे टाकलं. "लिही बे, माह्या नावावर."

"काका, तुमचं वाचून झालंय की."

"काऊन? बकवास दोनदा वाचू नये असा बी नियम हाय काय?"

माझे दोन्ही भाऊ त्याच संध्याकाळी अनुपमा घेऊन गेली. तेव्हापासून मित्रांनो, मी फळीला टेकलेलो नाही. पुंजाजी मला परत करायला येतात तेव्हा अनुपमा कार्ड घेऊन तयार असते. अनुपमा येते तेव्हा आणखी एक सभासद, छायाताई. माझा कणा मोडला, एका पानावर हळदीचा अंगठा आहे, दुसऱ्यावर चहाचं कडं. ग्रंथावलीच्या अंगावर अजून एकही डाग नाही. बिचारी.

नारायणराव येता जाता विचारत. "आलं का ते?"

"आलं होतं, सर. गेलं."

"मला ते हातात पाहिजे. अहवाल लिहायचाय."

"मग नंबर लावा, सर. छायाताईंच्या मागे तुम्ही."

त्यांनी नंबर लावला. मिशा दिसू नयेत म्हणून मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं. चुकांवर खुणा करायला लाल पेन घेतलं. पहिली दोन प्रकरणं रेघांनी लाल झाली. तिसऱ्यात रेघा विरळ झाल्या. चौथ्यात जहाजाचा तळ फुटला, तेव्हा पेन खाटेखाली घरंगळलं. ते अजून तिथेच आहे.

मित्रांनो, मला जपून ठेवा अशी विनवणी मी करणार नाही. जपून ठेवलेली पुस्तकं मी काचेमागे पाहिली आहेत. बोट थुंकीने ओलं करून पान उलटू नका आणि शेवट फाडून नेऊ नका, एवढं पाळा. बाकी शिव्या खुशाल द्या. फक्त वाचून द्या.

माझी मुदत संपली आहे. आत्ता, भर दुपारी, दारात पुंजाजी उभे आहेत.

"सर, पुस्तक. नंबर माहा हाय."

माझ्या पानांत बोट तसंच ठेवून नारायणराव दारापर्यंत आले. "बसा जरा. तो मासा अजून मेला नाही."

"मरत नाही तो," पुंजाजी ओट्यावर टेकत म्हणाले. "म्हणून तर चौथा भाग मागून राह्यलो."